यंत्र सांगते, पण हुकूम कोणाचा?



मागे बडोद्यात एका व्याख्यानानंतर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, हे एआय म्हणजे समाजाची प्रगती आहे की काळजीची गोष्ट? तुम्हाला काय वाटतं?" त्या दिवशीचा विषय होता पानिपत, त्यामुळे सभागृहात थोडे हसू पिकले. आयोजक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सोडून द्या, हा काही आपला विषय नाही." मी सोडून दिले नाही, पण तेव्हा नीट उत्तरही देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर समजा.

विषय माझा आहे असे मला वाटते. यंत्राच्या सांगण्यावरून निर्णय घेण्याची सवय बँकांना, इस्पितळांना, सरकारी कचेऱ्यांना अलीकडे लागली. फौजांना ती लागून साठ-सत्तर वर्षे झाली. शत्रूचे विमान येते आहे का, हे आधी माणूस दुर्बिणीतून पाहून सांगायचा. मग तो रडारच्या पडद्यावर पाहून सांगू लागला. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'सेज' नावाचे अवाढव्य कॉम्प्युटर हे काम करू लागले. तेव्हापासून यंत्र कुठे बरोबर ठरले, कुठे चुकले, आणि चुकले तेव्हा माणसाने काय केले, याचा बराच हिशेब लिहून ठेवलेला आहे. फौजेत चुकीची किंमत जिवात मोजावी लागते आणि मागून चौकशी बसते. तो हिशेब आज उघडू.

आधी एक छोटी गोष्ट माझ्या नोकरीतली. मी तोफखान्यातला माणूस. तोफखान्यात तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही. पुढे डोंगरावर निरीक्षण चौकी असते, तिला आम्ही ओपी म्हणतो. ओपीवरचा अधिकारी लक्ष्याचे नकाशावरचे आकडे वायरलेसवर सांगतो. मागे गन पोझिशनवर त्यावरून तोफेची दिशा आणि नळीचा कोन काढला जातो. हे गणित पूर्वी चार्ट आणि रेंज टेबल घेऊन हाताने करत. १९९० च्या दशकात आमच्याकडे त्यासाठी छोटा कॉम्प्युटर आला. नियम असा होता की कॉम्प्युटरच्या जोडीला एक जण हाताने चार्ट चालू ठेवील.

राजस्थानातल्या एका रेंजवर सराव चालला होता. ओपीवर वरिष्ठ साहेब येऊन बसलेले, वायरलेसवर घाई चाललेली. कॉम्प्युटरने आकडे दिले, मी ते तोफांना सांगणार, तेवढ्यात साताऱ्याकडचा आमचा हवालदार हात वर करून म्हणाला, "स्टॉप! साहेब, माझा चार्ट नाही म्हणतोय."

मी वैतागलो. म्हटले, "हवालदार, कॉम्प्युटर चुकत नाही."

"नसेल चुकत साहेब. पण माझा चार्ट नाही म्हणतोय. एकदा बघून घ्या."

बघितले. लक्ष्याचे आकडे भरताना दोन अंकांची अदलाबदल झाली होती. ती चूक माझ्याच डोळ्यांखाली झाली होती. कॉम्प्युटरचे गणित अचूक होते, पण ते चुकीच्या जागेचे होते, आणि ती जागा आमच्याच ओपीच्या फार जवळ होती. तिथे चार माणसे होती.

तोफखान्यात एक फार जुनी शिस्त आहे. काही धोक्याचे दिसले की 'स्टॉप' हा शब्द कुणीही उच्चारू शकतो, अगदी नवा भरती झालेला जवानसुद्धा. तो शब्द ऐकला की तोफ थांबते. हुद्दा नंतर विचारतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता जगाच्या इतिहासाकडे येऊ. साल १९८३. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातले शीतयुद्ध त्या वर्षी कमालीचे तापले होते. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे एक प्रवासी विमान पाडले होते, त्यात २६९ माणसे गेली. दोन्ही बाजू बोट चापावर ठेवून बसल्या होत्या.

२६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव-१५ नावाच्या बंकरमध्ये धोक्याचा भोंगा वाजला. ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव, वय ४४. अमेरिकेतून क्षेपणास्त्र उडाले तर त्याची वर्दी देणारी नवी उपग्रह यंत्रणा तिथे बसवलेली होती. तिचे नाव 'ओको', म्हणजे डोळा. यंत्रणा सांगत होती, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटले आहे. थोड्या वेळात आणखी चार, एकूण पाच. माहितीची विश्वासार्हता किती? सर्वोच्च, असे यंत्रच सांगत होते.

अमेरिकेतून निघालेले क्षेपणास्त्र पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. पेत्रोव यांच्या हातात कुठले बटण नव्हते. त्यांचे काम वर कळवण्याचे. पण हल्ला खरा आहे असे त्यांनी कळवले असते, तर त्या वातावरणात वरच्या माणसांकडे विचार करायला मोजकीच मिनिटे उरली असती.

पेत्रोव यांनी कळवले, की हा खोटा इशारा आहे.

त्यांनी हे कशावरून ठरवले? पहिले म्हणजे, कुणी अणुयुद्ध सुरू करायचेच ठरवले, तर ते पाच क्षेपणास्त्रांनी कशाला करील? शेकड्यांनी सोडील. दुसरे, ही यंत्रणा नवी आणि कच्ची आहे हे त्यांना आतून माहीत होते, कारण तिच्या कामात ते स्वतः होते. तिसरे, जमिनीवरच्या रडारकडून दुजोरा येत नव्हता. पुढे मुलाखतींत त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आपल्याला पक्की खात्री नव्हती. त्यांनी अंदाज केला आणि त्या अंदाजाची जबाबदारी घेतली.

चौकशीत कारण कळले. उंचावरच्या ढगांवर सूर्यप्रकाश अशा कोनातून पडला होता, की उपग्रहाला ती चकाकी क्षेपणास्त्राच्या ज्वाळेसारखी दिसली. उपग्रहाने खोटे काही सांगितले नव्हते. जे दिसले ते सांगितले. 'पाच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करतो?' हा प्रश्न मात्र त्याला पडू शकत नव्हता. तो प्रश्न समोरच्याच्या हेतूचा होता, आणि हेतू पडद्यावर दिसत नसतो.

पेत्रोव यांना बक्षीस काय मिळाले? त्या रात्रीची नोंदवही भरली नाही म्हणून ठपका. ते म्हणाले, एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात इंटरकॉम, तिसरा हात नव्हता. यंत्रणा चुकली हे मान्य केले की ती बनवणारे आणि मंजूर करणारे मोठे लोक अडचणीत येतात, म्हणून पेत्रोव यांचे कौतुक दाबले गेले. जगाला ही हकिगत सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर कळली. २०१७ साली ते वारले.

हे रशियातच झाले असे नाही. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सोव्हिएत हल्ला सुरू झाल्याचे पडद्यावर दिसले. सरावासाठी तयार केलेली माहिती खऱ्या यंत्रणेत शिरली होती. पुढच्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा तसाच घोळ झाला. त्याचे मूळ होते एक बिघडलेली चिप, किंमत ४६ सेंट. दोन्ही वेळा माणसांनी रडारवाल्यांना विचारून खातरजमा केली आणि जग वाचले.

आता इथे थांबून तुम्ही म्हणाल, म्हणजे यंत्र वाईट आणि माणूस शहाणा. हिशेब इतका सोपा असता तर मी हे भाषण केले नसते. पुढची नोंद वाचा.

३ जुलै १९८८, इराणचे आखात. अमेरिकेची 'व्हिन्सेन्स' ही युद्धनौका. तिच्यावर 'एजिस' नावाची त्या काळातली सर्वांत प्रगत संगणकीय युद्धयंत्रणा. नौका इराणी गनबोटींशी लढण्यात गुंतलेली असताना बंदर अब्बासहून एक विमान उडाले. ते होते इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे दुबईला जाणारे एअरबस. नौकेवरच्या माणसांनी ते लढाऊ विमान धरले. 'खाली येतंय, आपल्यावर येतंय,' असे ओरडले गेले. विमान उडाल्यापासून सुमारे सात मिनिटांत दोन क्षेपणास्त्रे सुटली. २९० माणसे मेली, त्यात ६६ मुले होती. १० भारतीयही होते.

चौकशीत यंत्रणेची नोंद तपासली. यंत्रणेने विमान वर चढते आहे असेच नोंदवले होते. ते प्रवासी विमानाचा संकेत देत होते हेही नोंदवले होते. यंत्र बरोबर होते, माणसे चुकली होती. लढाईच्या ताणात जे येण्याची त्यांना भीती होती, तेच त्यांना दिसले. यात यंत्राच्या रचनेचाही दोष होता. विमान चढते आहे की उतरते आहे हे पडद्यावर थेट दिसत नव्हते. उंचीचे आकडे दिसत आणि ते मनात ताडून पाहावे लागत. शिवाय त्या विमानाचा ओळखक्रमांक यंत्रणेने मधेच बदलला होता, आणि जुना क्रमांक दूरच्या दुसऱ्या विमानाला गेला होता. घाईत जुन्या क्रमांकाची माहिती विचारणाऱ्याला भलत्याच विमानाची माहिती मिळणार, हे उघड आहे.

अमेरिकेने १९९६ मध्ये मृतांच्या नातेवाइकांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचे कबूल केले. त्या नौकेच्या कप्तानांना १९९० मध्ये त्यांच्या कार्यकाळातल्या सेवेबद्दल पदक मिळाले. यंत्रावर शंका घेऊन जग वाचवणाऱ्याला ठपका आणि इकडे पदक. अशा गोष्टी वाचल्या की फौजी माणसालाही गप्प बसावेसे वाटते.

तिसरी नोंद, १९९१चे आखाती युद्ध. सौदी अरेबियात धहरान इथे अमेरिकेची 'पेट्रिअट' ही क्षेपणास्त्रविरोधी बॅटरी होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहा भाग करून वेळ मोजत असे. एक दशांश आपण ०.१ असा सहज लिहितो. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत तो पूर्ण लिहिताच येत नाही, जसे आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो की ०.३३३ करत बसतो. शेपूट कुठेतरी कापावे लागते. ते कापलेले शेपूट अगदी नगण्य, पण यंत्र जितका वेळ चालू राहील तितके ते साठत जाते. ही बॅटरी सलग १०० तास चालू होती. घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकले. इराकचे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते. म्हणजे यंत्रणा अर्धा किलोमीटरहून जास्त चुकीच्या जागी पाहत होती. तिला काही दिसले नाही, म्हणून तिने काही केले नाही. २५ फेब्रुवारीच्या त्या रात्री बराकीतले २८ अमेरिकी सैनिक मेले.

ही चूक दोन आठवडे आधी कळली होती. इस्रायलने कळवली होती. यंत्र 'फार वेळ' चालू ठेवू नका, अशी सूचनाही तळांवर गेली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास हे तिच्यात लिहिले नव्हते. यंत्र एकदा बंद करून चालू केले असते तरी काम झाले असते. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम धहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी.

आपल्या घरातली नोंदही वाचली पाहिजे. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. मित्र की शत्रू हे ओळखण्यासाठी यंत्र असते, माणूस असतो, ठरलेली कार्यपद्धती असते. त्या दिवशी हे सगळे मिळूनही काम झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. मला त्या कबुलीचे मोल वाटते. चूक मान्य करणाऱ्या संस्थेतच सुधारणा होते.

आता चांगली बाजू. ती फार मोठी आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणा होईल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा बंधनकारक झाली. दोन विमाने जवळ आली की ती यंत्रे आपसात बोलतात, एकाला वर जा म्हणतात, दुसऱ्याला खाली. पुढे १ जुलै २००२ ला युरोपात युबरलिंगेन इथे अशीच वेळ आली. एका वैमानिकाला यंत्र म्हणाले वर जा, जमिनीवरचा नियंत्रक माणूस म्हणाला खाली ये. वैमानिकाने माणसाचे ऐकले. ७१ जण मेले, त्यात सुटीला निघालेली कितीतरी शाळकरी मुले होती. तेव्हापासून जगभर नियम पक्का झाला, की अशा क्षणी नियंत्रकाचे न ऐकता यंत्राचे ऐकायचे. मी स्वतः विमानात बसतो तेव्हा हा नियम आहे म्हणून निश्चिंत बसतो.

मग पेत्रोव यांनी यंत्राचे ऐकले नाही ते बरोबर आणि युबरलिंगेनच्या वैमानिकाने ऐकले नाही ते चूक, हे कसे? फरक कामात आहे. टक्कर टाळणाऱ्या यंत्राचे काम अरुंद आहे: दोन विमाने, त्यांची उंची, त्यांचा वेग. ते वर्षानुवर्षे तपासलेले आहे, आणि त्या आकड्यांत कुणाचा हेतू ओळखायचा नसतो. पेत्रोव यांच्यासमोरचा प्रश्न एका देशाच्या मनात काय आहे, हा होता. काय दिसते ते यंत्राला विचारावे. ते का असेल, आणि त्यावर काय करावे, हे ज्याला परिणाम भोगायचे आहेत त्यानेच ठरवावे.

इथपर्यंतच्या सगळ्या यंत्रांना आजच्या अर्थाने एआय म्हणता येणार नाही. त्यांचे नियम माणसांनी ओळीओळीने लिहिले होते. पेट्रिअटची चूक सापडली, कारण ते कुणीतरी लिहिलेले गणित होते आणि नेमकी ओळ दाखवता आली. आजच्या एआयचा प्रकार निराळा आहे. त्याला लाखो चित्रे, लाखो पाने दाखवतात, आणि ते स्वतःच्या आतले कोट्यवधी आकडे जुळवत शिकते. ते चुकले तर बोट ठेवता येईल अशी एक ओळ सहसा सापडत नाही. शिवाय ते चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम आवाजात देते. पेत्रोव यांच्या यंत्रानेही विश्वासार्हता सर्वोच्चच सांगितली होती, हे विसरू नका.

ही काळजी फक्त फौजेची नाही, हे दाखवायला एकच नागरी नोंद पुरे. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची कॉम्प्युटर यंत्रणा आणली. छोट्या दुकानांत पोस्ट चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. खात्याने यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांवर खटले भरले. इंग्लंडच्या कायद्यात कॉम्प्युटर बरोबरच चालत होता असे गृहीत धरले जात होते. तो चुकला हे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर, आणि यंत्र तर खात्याच्या ताब्यात. मदतीसाठी फोन केला की अनेकांना उत्तर मिळे, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांत आपल्या उपखंडातून तिकडे गेलेली कितीतरी कुटुंबे होती. भारतीय वंशाच्या एका बाईंना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात पाठवले. काहींनी जीव दिला. यंत्रणेत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले, आणि शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. होरायझन हे एआय नव्हते, साधे हिशेबाचे यंत्र होते. ज्या समाजाने साध्या यंत्रापुढे इतकी वर्षे मान तुकवली, तो हुशार यंत्रापुढे किती तुकवील?

आपल्याकडे रेशन दुकानात अंगठा लावायचे यंत्र असते. आयुष्यभर शेतात, भांडी घासण्यात हात झिजलेल्या म्हातारीचा ठसा कधीकधी त्याला ओळखू येत नाही. दुकानदार तिला तीस वर्षे ओळखत असतो, पण म्हणतो, "आजी, मशीन घेत नाही." त्या क्षणी त्या दुकानदाराने पेत्रोव व्हावे असे आपल्याला वाटते. पण त्याला तशी मुभा आहे हे कुणी सांगितले आहे का? आणि त्याने आपल्या जबाबदारीवर धान्य दिले तर उद्या तपासणीत त्याच्या पाठीशी कोण उभे राहील?

म्हणून प्रगती की काळजी हे मी यंत्राकडे पाहून ठरवत नाही. यंत्राच्या शेजारी बसवलेल्या माणसाकडे पाहून ठरवतो. चार गोष्टी विचारतो.

पहिली, त्याला वेळ आहे का? पेत्रोव यांच्याकडे काही मिनिटे होती. भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्राच्या प्रवासाचीच वेळ तेवढी भरेल. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात युद्धस्फोटक नव्हते, कुणी मेले नाही. कार्यपद्धती पाळली गेली नाही म्हणून हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. पण त्या दिवशी पलीकडे जी माणसे पडदा पाहत होती, त्यांनी उलट क्षेपणास्त्र सोडले नाही, हेही आपण नोंदवून ठेवले पाहिजे. त्यांच्या जागी क्षणात उत्तर देणारे यंत्र असते तर? आपल्या देशाने अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे धोरण जानेवारी २००३ मध्ये जाहीर केले आणि अंतिम निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील परिषदेकडे ठेवला. या धोरणाला कुणी दुबळेपणा म्हणतात. मला त्यातला मोठा गुण हा दिसतो, की ते आपल्याला इशारा येताक्षणी बटणाकडे धावायला लावत नाही. ते वेळ विकत घेते.

दुसरी, त्याच्या हातात स्वतःचा चार्ट आहे का? म्हणजे यंत्राशिवाय ते काम त्याला येते का? रडार वाचता न येणारा माणूस रडारवर शंका घेऊ शकत नाही. एआयने काढलेला एक्स-रेचा निष्कर्ष तपासायला एक्स-रे वाचता येणारा डॉक्टर लागतो. ही विद्या एका पिढीत मोडीत निघू शकते.

तिसरी, त्याला 'स्टॉप' म्हणता येते का, आणि म्हटल्यावर त्याची नोकरी राहते का?

चौथी, खाली सही कोणाची? 'सिस्टिमने केले' हे उत्तर चौकशीत चालता कामा नये. सिस्टिमला कोर्ट मार्शल करता येत नाही.

या चारही गोष्टी जागेवर असतील तर एआय ही प्रगती आहे, आणि ती मी आनंदाने घेईन. आपल्या सीमेवर हिवाळ्याच्या धुक्यात रात्रभर कुंपणावर डोळे लावून बसणारा जवान मी पाहिला आहे. पहाटे तीन वाजता कोल्हा आणि माणूस यांतला फरक त्याच्या थकलेल्या डोळ्यांआधी कॅमेऱ्याने सांगितला तर मला हवाच आहे. आपले संरक्षण मंत्रालय त्या दिशेने निघाले आहे. २०१८ मध्ये टाटा सन्सच्या चंद्रशेखरन यांच्या गटाने शिफारशी केल्या, आणि जुलै २०२२ मध्ये दिल्लीत एआयवर चालणारी ७५ संरक्षण उत्पादने एकाच वेळी जाहीर झाली. हे व्हायलाच हवे होते, शेजारी थांबलेले नाहीत. पण कॅमेऱ्याने 'माणूस' म्हटल्यावर तो घुसखोर आहे की हरवलेला मेंढपाळ, हे त्या जवानाने ठरवावे, आणि गोळीचा हुकूम माणसाचाच असावा. माणसाच्या हुकमाशिवाय मारणाऱ्या शस्त्रांवर २०१४ पासून जिनिव्हात बैठका चालू आहेत, पण सगळ्यांना बांधणारा करार अजून झालेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमा इथे अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी एवढे तरी मान्य केले, की अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहील. एवढी साधी गोष्ट लिहून घ्यावी लागते, यावरून काळ ओळखावा.

आमचा तो हवालदार सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्या दिवशी सराव संपल्यावर मी त्याला विचारले होते, "मी ऐकलं नसतं तर काय केलं असतं?" तो म्हणाला, "पुन्हा स्टॉप म्हणालो असतो साहेब. तुम्ही ओरडला असता, एवढंच ना."

तो एवढे म्हणू शकला, कारण ओरडण्यापलीकडे त्याचे काही बिघडणार नाही अशी शिस्त आमच्या आधीच्या लोकांनी घालून ठेवली होती. बडोद्याच्या त्या मुलीला माझे उत्तर एवढेच. बेटा, तू शिकून ही यंत्रे बनवशील किंवा चालवशील. तुझ्या कचेरीत यंत्र येईल तेव्हा त्याच्या शेजारी बसणाऱ्या सर्वांत कनिष्ठ माणसाला 'स्टॉप' म्हणता येते का, हे आधी बघ. येत नसेल, तर तो नियम लिहून घेण्याचे काम तुझे.

जय हिंद.